तीन तास पाच मिनिटं

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी भैयालाल मेश्रामच्या घरातल्या बाथरूमचा नळ कोणीतरी पूर्ण सोडला. अकरा पंचवीसला तो बंद झाला. तेजराम गजभिये बाहेर आला. चेहरा ओला, मिशीच्या टोकाला पाणी. दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या भैयालालकडे न बघता तो म्हणाला, "जेवन एक नंबर झालं इवाईबुवा," आणि पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. अकरा एकतीसला त्यानं छातीच्या मधोमध मूठ दाबून धरली आणि तो पुढे वाकला. आवाज केला नाही. भैयालालची सून अपेक्षा, म्हणजे तेजरामची एकुलती एक मुलगी, बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली होती. तिला वाटलं बाबा चप्पल शोधताहेत.

वेळा भैयालालला मुद्दाम लक्षात ठेवाव्या लागल्या नाहीत. रेल्वेच्या छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, चौतीस वर्षं गार्ड म्हणून काढलेल्या माणसाची नजर आपोआप घड्याळाकडे जाते, कुत्र्याचा कान वळतो तशी. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटं उशीर झाला, हे सगळं जर्नलमध्ये लिहायचं. शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण. तो रकाना कोरा सोडलेला चालत नसे. चार मिनिटं असली तरी ती कोणाच्या तरी माथी मारावी लागत. इंजिन, सिग्नल, रुळावर आलेली गुरं, नाहीतर गार्ड स्वतः. शेवटची छोटी गाडी बंद होऊन दहा वर्षं होत आली, पुढं मोठ्या लाईनवर तीन वर्षं काढून तो रिटायर झाला, पण डोक्यातला रकाना तसाच राहिला. अकरा वीस ते अकरा पंचवीस. पाच मिनिटं. कारण भैयालालला ठाऊक होतं. तो दाराशी उभा होता, आणि पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज त्यानं ऐकला होता. पोटातून वर आलेलं कोणीतरी दात आवळून, तोंडात कापड कोंबून परत आत ढकलतो, तेव्हा होतो तो आवाज. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा बराच लांबलेला. मग नुसता नळ.

अकरा पंचावन्नला मुलगा पवननं गाडी दवाखान्याच्या दारात लावली. मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा आठ खाटांचा खाजगी दवाखाना, रविवार असल्यामुळे एकच डॉक्टर, अश्विन नावाचा, तिशीतला, केस न विंचरलेला. तेजरामच्या छातीला वायरी लागल्या, ईसीजीची पट्टी निघाली, डॉक्टरनं ती दोनदा उजेडात धरून बघितली. "बहुत साफ कुछ नहीं दिख रहा," तो म्हणाला, "लेकिन पसीना है, उमर है, दर्द है. हार्ट का मानकर चलेंगे." मग त्यानं खाली वाकून विचारलं, "चाचा, दर्द से पहले उल्टी हुई थी?" खाटेभोवती तेव्हा चार माणसं होती. भैयालाल, पवन, भैयालालची बायको चंपाबाई आणि अपेक्षा. तेजरामची नजर चौघांवरून फिरली आणि चंपाबाईवर क्षणभर थांबली. "नाई," तो म्हणाला. "कुछ नहीं हुआ. खाना भी अच्छा था." डॉक्टरनं लिहून घेतलं. भैयालालनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं जांभई दिल्यासारखं करून मिटलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आल्या, अर्धा ग्लास पाणी आलं. दोन घोट पोटात जाताच तेजराम खाटेवर धनुष्यासारखा वाकला आणि ग्लास पवनच्या हातावर सांडला.

पाणी. दोन वर्षं तेजराम या घरात पाणी प्यायला नव्हता. अपेक्षाचं लग्न ठरलं तेव्हाच त्याची आई मैनाबाई हिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, पोरीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. भैयालाल तेव्हा हसला होता. "हे आपल्यात नाई बे. आपन हे सारं सोडलं ना?" तेजराम म्हणाला होता, "आपन सोडलं, मायनं नाई सोडलं. मायले कोन समजावते?" तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत मेट, म्हणजे मुकादम, म्हणून जन्म काढलेला माणूस, वस्तीतल्या प्रत्येक सभेत पुढे असणारा, पण आईच्या शब्दापुढे त्याचं काही चालत नसे. मग तो यायचा तो निळी प्लास्टिकची बाटली घेऊन. तिरोडीचं पाणी, तळाशी बारीक काळसर गाळ बसलेलं. बालाघाटला उतरायचा, बसस्टँडवर भजी खायचा, मग इथं येऊन ती बाटली गुडघ्याशी ठेवून दोन तास बसायचा. चंपाबाईला ते लागायचं. "इवाईले आमच्या घरचं पानी बी कडू लागते," ती स्वैंपाकघरातून ऐकू जाईल असं म्हणायची. तेजराम बाटलीचं टोपण उघडायचा, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "कडू नाई इहीनबाई. गोड लागंल म्हनून भेतो."

मैनाबाई गेल्या पावसाळ्यात गेली. ऑक्टोबरात अपेक्षाला मुलगा झाला. आज जानेवारीतला दुसरा रविवार, तेजरामचं या घरातलं पहिलं जेवण. चंपाबाईनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं, स्वैंपाक सून करेल. बापाला पोरीच्या हातचं. चिन्नोरचा भात, मटणाचा रस्सा, उडदाचे वडे. मटणात अपेक्षाचा तेलाचा हात सैल पडतो, हे चंपाबाईनं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि नंतरही अधूनमधून सांगत आली होती, रागानं नाही, पण चारचौघांत. तेजरामनं ते बाटली गुडघ्याशी धरून कितीदा ऐकलं असेल. आज पंगतीत तो पहिल्या घासापासून मान हलवत होता. वाह. वाह पोरी. चंपाबाई वाढत होती. "दोन वर्साचं जेवन बाकी आहे इवाईबुवा, एका ताटात थोडी फिटते?" "वाढा," तेजराम म्हणत होता. सहा वडे झाल्यावर भैयालालनं पाहिलं, त्याच्या कानामागे घाम आला आहे. सातवा वडा आला. "वाढा," तेजराम म्हणाला.

त्या घामाची जागा भैयालालला जुनी माहीत होती. आधी कानामागे, मग वरच्या ओठावर, मग पाच मिनिटांत काय होतं तेही. ऐंशी साली दोघं रेल्वेच्या परीक्षेला जबलपूरला निघाले होते. तिरोडीहून कटंगीपर्यंत सायकलवर डबलसीट, कटंगीहून छोट्या गाडीनं बालाघाट, तिथून दुसऱ्या छोट्या गाडीनं जबलपूर. लामट्यानंतर जंगल सुरू झालं की ती गाडी वळणावळणानं जायची, इंजिन खिडकीतून दिसायचं, धूर डब्यात यायचा, आणि तेजरामला गाडी लागायची. त्या दिवशी डब्यात इतकी गर्दी की खिडकी मिळाली नाही. "भैया, येऊन राह्यलं," तो म्हणाला. भैयालालनं त्याला रेटत दारात नेलं, एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातानं त्याच्या पँटीचा पट्टा मागून मुठीत पकडला, आणि तेजराम अर्धा गाडीबाहेर लोंबकळून ओकत राहिला. सालाच्या झाडांची पानं त्याच्या डोक्याला लागून जात होती. मधूनच श्वास घ्यायला वळायचा आणि म्हणायचा, "सोडू नको बे." पुन्हा बाहेर. नैनपूरपर्यंत भैयालालचा हात बधिर झाला होता. नैनपूरला उतरून नळाखाली तोंड धुताना तेजराम इतका हसला की पुन्हा ओकला, या वेळी भैयालालच्या चपलेवर. परीक्षेत भैयालाल पास झाला. तेजराम झाला नाही. रिकाम्या पोटी गणितं सुटली नाहीत, तो नेहमी सांगायचा, आणि सांगताना कधी कडवट व्हायचा नाही. भैयालालला मात्र त्या मुठीची आठवण पुष्कळ वर्षं येत राहिली. ब्रेकव्हॅनमध्ये, गाडीच्या शेवटी गार्डच्या डब्यात, बसून तीच वळणं रोज घेताना, लामट्याच्या पुढे उजवा हात आपोआप आवळला जायचा.

दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं तो हात बघितला. साडेबारा झाले होते. समोरच्या भिंतीवर बाळांच्या लसींचा तक्ता होता, त्यावर एक मुंगी चालत होती. पोरांचं लग्न झालं आणि दोघं एकमेकांचे व्याही झाले, त्या दिवसापासून काहीतरी सरकलं होतं. मांडवात कोणीतरी म्हातारा म्हणाला, "आता अरे-तुरे नाई करायचं, इवाई झाले तुमी." दोघंही हसले, आणि दोघांनीही ऐकलं. तेजराम मुलीचा बाप, तो आधी बदलला. भैया जाऊन इवाईबुवा आलं. बे गेलं. फोनवर तब्येत पाणी विचारून झालं की गप्प. पूर्वी हाच माणूस खाणीच्या सुटीत येऊन भैयालालच्या खाटेवर आडवा पडायचा आणि म्हणायचा, चहा दे, नाईतर तुझ्या बायकोले तुझं मॅट्रिकचं प्रगतिपुस्तक दाखवतो. आता खुर्चीच्या काठावर बसायचा. भैयालालला वाटायचं, एखाद्या दिवशी आपण म्हणावं, तेज्या, पुरे झालं हे. पण ते म्हणायला एकांत लागला असता, आणि व्याह्याला घरात एकांत मिळत नाही.

आत्ताही सांगायचं तर कसं. डॉक्टरनं विचारलं, त्यानं नाही म्हटलं. व्याह्याला पाहुण्याच्या जागी खोटं पाडायचं, तेही त्याच्या मुलीसमोर, आणि चंपाबाईसमोर, जिनं सात वडे वाढले. आणि सांगून काय, उलटी तर कोणालाही होते, हृदयाच्या दुखण्यातही होते. असं तो स्वतःला समजावत होता आणि समजावताना त्याला पुन्हा नळ ऐकू येत होता. त्यानं त्या वेळी दारावर थाप का मारली नाही? टॉवेल हातात होता. कडी आतून लागलेली नव्हती, तेही त्यानं पाहिलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी चालत्या गाडीच्या दारात ज्यानं पट्टा धरला, तोच आज स्वतःच्या घरात, फरशीवर, दाराबाहेर उभा राहिला. कारण पाहुण्याची लाज यजमानानं बघायची नसते. हे त्याला कोणी शिकवलं होतं आठवेना. एक वाजला. दीड वाजला. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात हृदयाला काही झाल्याचं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, तीन घंटे बाद दुबारा. तेजरामचा श्वास वरवर चालला होता, डावी बाजू धरून तो पडला होता, आणि ताप येऊ लागला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी सिस्टर गीता छातीच्या वायरी नीट करायला आली. गळ्याजवळची चिकटपट्टी दाबताना तिचा हात थांबला. तिनं पुन्हा दाबलं. "हे काय आहे," ती स्वतःशीच म्हणाली, मग भैयालालकडे बघून, "काका, यांच्या गळ्याले आधीपासून असं आहे काय?" तिनं त्याची दोन बोटं धरून तेजरामच्या गळ्याखालच्या हाडावर ठेवली. कातडीखाली काहीतरी कुरकुरत होतं. बोट दाबलं की बारीक बारीक काहीतरी फुटत असल्यासारखं. भैयालाल एकदम तिरोडीच्या बाजारात गेला. मंगळवारचा बाजार, मुरमुऱ्याचं पोतं, आठ वर्षांचे दोघं, दुकानदाराची पाठ वळली की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. खायला नाही. नुसते आत घालून मुठी मिटायच्या, तो आवाज हाताला जाणवायचा म्हणून. तेजरामचे डोळे उघडे होते. तो भैयालालच्या बोटांकडे बघत होता. भैयालालनं बोटं काढली नाहीत.

डॉक्टर धावत नाही, पण भरभर आला. स्वतः गळा दाबून बघितला, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिला, खाटेशीच एक्स-रे काढायला लावला. फिल्म उजेडात धरून म्हणाला, हृदयाच्या कडेला हवा आहे, डाव्या फुप्फुसाखाली पाणी आहे, हवा कुठून तरी बाहेर पडते आहे. मग त्यानं फिल्म खाली केली आणि कोणा एकाकडे न बघता विचारलं, "एक बार और पूछ रहा हूँ. उल्टी हुई थी कि नहीं?"

दोन पंचवीस झाले होते.

"झालती," भैयालाल म्हणाला. "हुई थी. अकरा बीस को. दर्द के पहले. दबाके की, मुंह में कपडा डालके. मी बाहेर उभा होतो."

मग अपेक्षा सासऱ्याला म्हणाली, बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं करत, अगदी हळू, "मले मालूम होतं मामाजी. बाबाचा रुमाल बादलीमागं होता. मी धुऊन टाकला. तुमी सारे गाडीपाशी होते तवा."

चंपाबाई तिच्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे, मग खाटेवरच्या माणसाकडे. "काहून?" ती म्हणाली. "काहून नाई सांगितलं कोनी? मी काय खाल्लं असतं काय त्यायले?" ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. पवन तिच्यामागे दोन पावलं गेला आणि परत फिरला.

त्यानंतर सगळं वेगानं झालं. पाण्याचा थेंब बंद. औषधं सुईतून. शहरातल्या स्कॅन सेंटरमध्ये नेऊन औषधाचा एक घोट पाजून फोटो काढले, आणि तो घोट अन्ननलिकेतून खाली जाण्याऐवजी बाजूनं छातीत सांडलेला फोटोत पांढरा दिसला. डॉक्टरनं कागदावर नळी काढून दाखवली. खाली, पोटाच्या जरा वर, डाव्या अंगाला उभी चीर. "उल्टी का ज़ोर नीचे से, मुंह ऊपर से बंद. बीच में फटी. कम होता है, पर होता है. और हार्ट जैसा ही दिखता है." डाव्या बरगड्यांमधून नळी घातली, तिच्यातून गढूळ पाणी आणि त्यात भाताची दोन शितं आली. चिन्नोरचा तांदूळ बारीक असतो. भैयालालनं ओळखला. ऑपरेशन नागपूरला, आजच, डॉक्टर म्हणाला, जितकं लवकर तितकं बरं, चोवीस तासांनंतर टाके धरत नाहीत, आणि आपण दिलेल्या गोळ्यांमुळे रक्त थांबायला त्रास होईल हेही त्यानं लपवलं नाही. "पहले पता होता तो गोलियां नहीं देता," तो म्हणाला. आवाजात दोष नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

चार वाजून दहा मिनिटांनी स्ट्रेचर ॲम्ब्युलन्समध्ये चढलं. पवन आणि अपेक्षा सोबत, बाळ चंपाबाईकडे. भैयालाल दाराशी वाकला. तेजरामच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, गळा सुजून हनुवटीला मिळाला होता, आवाज बायकी, पातळ झाला होता. त्यानं मास्क जरासा उचलला.

"सांगून टाकलं काय बे," तो म्हणाला.

"हौ," भैयालाल म्हणाला.

दार लागलं.

पवननं फोन करायचा आणि भैयालालनं वेळ लिहायची, असं कोणी ठरवलं नव्हतं. वारासिवनी चार चाळीस. कटंगी पाच अठरा. तिथून तिरोडीचा फाटा. महाराष्ट्राची हद्द, मग ट्रकांची रांग, सतरा मिनिटं, कारण फाटक. सात पंचावन्नला नागपूर. आठ चाळीसला आत घेतलं. भैयालालनं एका जुन्या डायरीच्या पानावर रकाने आखले होते, उभ्या रेषा पट्टीशिवायही सरळ आल्या होत्या. सगळ्यात वरची ओळ त्यानं शेवटी लिहिली. अकरा वीस ते दोन पंचवीस, तीन तास पाच मिनिटं. कारणाच्या रकान्यात त्यानं आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग ते पुरेसं नाही असं वाटून आणखी काही लिहायला पेन टेकवलं. शेजारी रुमाल होता, सात वडे होते, मैनाबाईची शपथ होती, मांडवातला म्हातारा होता. रकाना लहान होता. नाव तेवढं राहिलं.

साडेतीन तास ऑपरेशन चाललं. छाती डावीकडून उघडून चीर शिवली, वर आसपासच्या मांसाचा पदर लावला, आत साचलेलं धुऊन काढलं. दोन नळ्या छातीत, एक पोटात दूध सोडायला. तीन दिवस श्वासाचं यंत्र. चौथ्या दिवशी यंत्र काढलं, पाचव्या दिवशी ताप चढला, सहाव्या दिवशी उतरला, सातव्या दिवशी एका नळीतलं पाणी पुन्हा गढूळ आलं. नागपूरच्या सर्जननं सांगितलं, सोमवारी औषधाचा घोट पाजून फोटो काढू. गळलं नाही तर पाणी सुरू करू. गळलं तर नळी जोडून ठेवण्याचे दुसरे उपाय आहेत, लांबणारे आहेत. शुद्धीवर आल्यापासून तेजराम एकच खूण करत होता, अपेक्षा फोनवर म्हणाली, अंगठा ओठाला लावून. सिस्टर ओल्या कापसानं ओठ पुसायच्या.

भैयालाल रविवारच्या पॅसेंजरनं निघाला. गेल्या रविवारच्या धावपळीत घरातच राहिलेली तेजरामची निळी बाटली त्यानं पिशवीत घेतली होती. तिरोडीला गाडी दोन मिनिटं थांबते. तो उतरला, प्लॅटफॉर्मवरच्या नळाखाली बाटली धरली आणि नळ पूर्ण सोडला. स्टेशन ओळखू येत नव्हतं. ज्या शेडखाली दोघं पावसात मालगाडीचे डबे मोजत बसायचे ती शेड नव्हती. बाटली गळ्यापर्यंत भरली, हातावरून पाणी वाहिलं, शिटी झाली तेव्हा त्याचा एक पाय आधीच पायरीवर होता. हे पाणी कोणी पिऊ देणार नाही हे त्याला माहीत होतं. बाटली रिकामी नेणं बरं दिसलं नसतं, एवढंच.

सोमवारी सकाळी नऊ वाजता वॉर्डातून चाकाची खाट निघाली. तेजराम अर्धा झाला होता, मिशी कोणीतरी काढली होती, त्यामुळे तो विशीतला वाटत होता आणि एकाच वेळी फार म्हातारा. त्यानं भैयालालच्या हातातली बाटली पाहिली आणि डोळे मिटून घेतले; हसला की काय ते कळलं नाही. खाट वळताना भैयालालनं बाजूचा दांडा धरला आणि दारापर्यंत धरून ठेवला. दारात सिस्टर म्हणाली, काका, सोडा आता.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी त्याला फोटोसाठी आत नेलं. नऊ चाळीस झाले तरी दार बंदच होतं.